जे म्हणजे पाच मिलिसेकंद: एसी सर्किटमध्ये संमिश्र संख्या कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एसी सर्किटची गणितं ‘जे’ घालून सुटतात, मार्कही मिळतात. पण उणे एकचं वर्गमूळ वायरमध्ये असतं कुठे? व्होल्टमीटरवर किंवा करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर ‘जे’ कधीच दिसत नाही. मग हे खरं आहे की परीक्षेपुरती युक्ती?"

वायरमध्ये उणे एकचं वर्गमूळ नसतं. पण ‘जे’ जी गोष्ट दाखवतो ती वायरमध्ये नक्की असते. तिने केबल गरम होते, ट्रान्सफॉर्मर भरतो आणि कारखान्याचं बिल वाढतं. ती गोष्ट म्हणजे वेळेचा फरक. आपल्याकडे सप्लाय ५० हर्ट्झचा, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. ‘जे’ म्हणजे पाव सायकल, पाच मिलिसेकंद पुढे. हे एवढं धरून ठेवलंत तर बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

सुरुवात लॅबमधल्या नेहमीच्या प्रयोगापासून करू. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा सप्लाय घ्या. एक ऱ्हिओस्टॅट ३० ओहमवर लावा आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक चोक कॉइल जोडा, जिचा रिॲक्टन्स, म्हणजे एसी करंटला तिचा अडथळा, ४० ओहम आहे (साधारण १२७ मिलिहेन्री). कॉइलच्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स तूर्त सोडून देऊ. करंट ४.६ अँपिअर येतो. आता व्होल्टमीटर लावा: ऱ्हिओस्टॅटवर १३८ व्होल्ट, कॉइलवर १८४ व्होल्ट. बेरीज ३२२. सप्लाय मात्र २३०.

सिरीजमधल्या व्होल्टेजची बेरीज सप्लायएवढी असते हा किर्चहॉफचा नियम मोडला का? नाही. तो नियम प्रत्येक क्षणाला लागू असतो, आणि त्या क्षणी तो तंतोतंत खरा असतो. मोडली ती आपली बेरीज. व्होल्टमीटर आरएमएस आकडा दाखवतो, म्हणजे लाट किती मोठी आहे एवढंच सांगतो. तिचा माथा केव्हा आला हे सांगत नाही. ऱ्हिओस्टॅटवरचं व्होल्टेज करंटबरोबर वर जातं. कॉइलवरच्या व्होल्टेजचा माथा त्याच्या पाच मिलिसेकंद आधी येऊन गेलेला असतो. दोन माथे एका वेळी नाहीत, म्हणून १३८ आणि १८४ सरळ मिळवता येत नाहीत. दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप लावलात तर हे पाच मिलिसेकंद पडद्यावर मोजता येतात. (लॅबमध्ये स्कोपची अर्थिंगची (ग्राउंडची) क्लिप शिक्षकांना विचारूनच जोडा. दोन्ही चॅनलचा ग्राउंड एकच असतो हे विसरलं की फ्यूज जातो, कधी प्रोबही.)

म्हणजे प्रत्येक व्होल्टेज आणि प्रत्येक करंटसाठी दोन आकडे लागतात: किती मोठा आणि केव्हा. फ्रिक्वेन्सी सगळीकडे तीच ५० असल्यामुळे तिसरा आकडा लागत नाही. संमिश्र संख्येत (३० + जे ४० अशी) नेमके दोनच आकडे मावतात. पण दोन आकडे ठेवायला साधी जोडी किंवा व्हेक्टरही चालला असता. मग संमिश्र संख्याच का?

कारण गुणाकार आणि भागाकार. बेरीज-वजाबाकीपुरता व्हेक्टर पुरतो, फेजर डायग्राम (लाटेचा आकार लांबीने आणि वेळ कोनाने दाखवणारे बाण) काढून आपण तेच करतो. पण ओहमच्या नियमात व्होल्टेजला करंटने भागायचं असतं, आणि व्हेक्टरला व्हेक्टरने भागायची सोय नाही. संमिश्र संख्येत ती आहे: गुणाकारात लांब्यांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज होते, भागाकारात लांब्यांचा भागाकार आणि कोनांची वजाबाकी. ‘जे’ने गुणणं म्हणजे लांबी तशीच ठेवून ९० अंश (३६० चा पाव, म्हणजे पाव सायकल) डावीकडे वळणं. शाळेच्या कवायतीत "बाएँ मूड" दोनदा म्हटलं की माणूस पाठमोरा होतो. ‘जे’ दोनदा लावला की १८० अंश, म्हणजे उणे एक. जे गुणिले जे बरोबर उणे एक यात गूढ म्हणावं असं एवढंच आहे.

आता कॉइलकडे. कॉइलवरचं व्होल्टेज करंटवर अवलंबून नसतं, करंट किती वेगाने बदलतोय त्यावर असतं. साइन लाटेचा बदलाचा दर काढला की काय मिळतं? पुन्हा तसलीच लाट, फक्त पाव सायकल आधी येणारी आणि ओमेगा पटीने मोठी. (ओमेगा म्हणजे २ × पाय × फ्रिक्वेन्सी, आपल्याकडे ३१४.) ‘ओमेगा पट मोठी आणि पाव सायकल आधी’ हे एका गुणाकारात लिहायचं तर ‘जे ओमेगा’. म्हणजे जिथे डिफरन्शिएट करायचं तिथे जे ओमेगाने गुणायचं, जिथे इंटिग्रेट करायचं तिथे जे ओमेगाने भागायचं. कॉइलचा इम्पीडन्स (व्होल्टेज भागिले करंट) जे ओमेगा एल, कपॅसिटरचा एक भागिले जे ओमेगा सी (एल म्हणजे कॉइलचे हेन्री, सी म्हणजे कपॅसिटरचे फॅरड). डिफरन्शिअल इक्वेशन गेलं, आठवीचं बीजगणित उरलं. साइन लाटच लागते, चौकोनी किंवा त्रिकोणी चालत नाही, याचं कारणही हेच आहे. चौकोनी लाटेचा बदलाचा दर चौकोनी येत नाही.

ही पद्धत रुळली १८९३ मध्ये. ‘इम्पीडन्स’ हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये आधीच दिला होता. १८९३ च्या एप्रिलमध्ये आर्थर केनेली यांनी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सपुढे इम्पीडन्सवर निबंध वाचला आणि तो संमिश्र संख्येसारखा हाताळता येतो हे दाखवलं. हे केनेली जन्मले आपल्या कुलाब्यात, १८६१ साली. १८९३ च्याच ऑगस्टमध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी ही पद्धत पूर्ण मांडली आणि ती उद्योगात पसरली. त्याआधी एसीचं प्रत्येक सर्किट म्हणजे एक तर डिफरन्शिअल इक्वेशन, नाहीतर पट्टी-कोनमापक घेऊन आकृती. म्हणजे परीक्षेसाठी कोणी ही युक्ती काढली नव्हती. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी बनवणाऱ्यांना रोजचा हिशोब वेळेत संपवायचा होता.

आता तेच सर्किट या पद्धतीने सोडवू. इम्पीडन्स ३० + जे ४०. लांबी ५० ओहम, कोन ५३.१३ अंश. सप्लायला शून्य कोनावर ठेवू. करंट म्हणजे २३० भागिले (३० + जे ४०). वर-खाली (३० − जे ४०) ने गुणलं की छेदात २५०० येतो, आणि उत्तर:

करंट = २.७६ − जे ३.६८ अँपिअर.

याची लांबी ४.६, जी टाँग टेस्टर दाखवतो. कोन उणे ५३.१३ अंश, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या सायकलमध्ये सुमारे २.९५ मिलिसेकंद उशीर. पण मला यातले दोन तुकडे जास्त बोलके वाटतात. २.७६ हा सप्लायच्या पावलावर पाऊल टाकणारा करंट. २३० ने गुणलं की ६३५ वॅट येतात, म्हणजे ऱ्हिओस्टॅट जेवढी उष्णता देतो तेवढेच. ३.६८ हा पाच मिलिसेकंद मागून येणारा करंट. त्याने सरासरी काम काहीच होत नाही. २३० ने गुणलं की ८४६ व्हीएआर (काम न करणाऱ्या, रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक).

"काम होत नाही" म्हटलं की विद्यार्थी समजतात तो करंट नाहीच. तो पुरेपूर असतो. कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उभं करायला ऊर्जा लागते, आणि क्षेत्र मावळताना ती सप्लायकडे परत जाते, सेकंदाला शंभरदा. किती ऊर्जा? व्हीएआरला ओमेगाने भागा: ८४६ भागिले ३१४, साधारण २.७ ज्यूल. दुसऱ्या बाजूने पडताळा: एल गुणिले करंटचा वर्ग, ०.१२७३ गुणिले २१.१६, तेच २.७. व्हीएआर हा आकडा हवेतला नाही हे पटवायला मला याहून चांगला हिशोब माहीत नाही. कॉइलमध्ये साठणारी जास्तीत जास्त ऊर्जा आणि ओमेगा यांचा तो गुणाकार आहे.

ही ये-जा तारांमधूनच होते, आणि तारेला ४.६ अँपिअरची झळ लागते, २.७६ ची नाही. उपाय तुम्हाला माहीत आहे, कपॅसिटर. पण ‘जे’च्या भाषेत तो फार स्वच्छ दिसतो. आपल्याला − जे ३.६८ घालवायचा आहे, तर + जे ३.६८ देणारं काहीतरी सप्लायच्या पॅरलल जोडायचं. २३० भागिले ३.६८ म्हणजे ६२.५ ओहम, म्हणजे ५१ मायक्रोफॅरड. तो लावला की कॉइल आणि कपॅसिटर ते २.७ ज्यूल आपापसांत फिरवतात, आणि सप्लायच्या वायरमधला करंट ४.६ वरून २.७६ वर येतो. वायरमधला लॉस करंटच्या वर्गात असतो, म्हणून तो ३६ टक्क्यांवर येतो. कॉइलमधला करंट मात्र ४.६ च राहतो हे लक्षात ठेवा. कपॅसिटरच्या अलीकडे मोजता की पलीकडे, त्यावर टाँग टेस्टरचं उत्तर बदलतं. कपॅसिटर पॅनलच्या तोंडाशी लावून मोटरपर्यंतची केबल थंड व्हायची वाट पाहणारे लोक मी बरेच पाहिलेत.

बिलाचंही सांगतो. महावितरणच्या उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) बिल येतं. केव्हीए म्हणजे संमिश्र पॉवरची लांबी. नुसता वॅटचा भाग नव्हे, तर ‘जे’चा भाग धरून काढलेला कर्ण. त्यातही हिशोबात लॅग (करंट व्होल्टेजच्या मागे) आणि लीड (करंट पुढे) एकमेकांतून वजा करत नाहीत, बेरीज करतात. म्हणजे दिवसा लॅगिंग राहिलात आणि रात्री मोटरी बंद असताना कपॅसिटर चालू ठेवून लीडिंग गेलात, तर गणितात + जे आणि − जे कटतील, बिलात कटणार नाहीत. म्हणून हाताने चालू-बंद करायच्या कपॅसिटरपेक्षा एपीएफसी (ऑटोमॅटिक पॉवर फॅक्टर करेक्शन) पॅनल लागतो, जो लोड बघून स्टेप काढतो-घालतो.

इथे एका ठिकाणी हमखास घसरतात, ते सविस्तर बघू. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, मग दोन संमिश्र संख्या सरळ गुणायच्या का? सप्लाय शून्य कोनावर असेल तर चूक लपते (∠ च्या आधी लांबी, नंतर कोन). २३० ∠ ० गुणिले ४.६ ∠ −५३.१३ बरोबर १०५८ ∠ −५३.१३. वॅट ६३५ बरोबर आले, फक्त व्हीएआरचं चिन्ह उलटं. पुष्कळ जण तेवढं चिन्ह बदलून पुढे जातात. आता तेच सर्किट, फक्त मोजायला सुरुवात थोडी वेगळ्या क्षणी केली. व्होल्टेज २३० ∠ ३०, करंट ४.६ ∠ −२३.१३. सरळ गुणलंत तर १०५८ ∠ ६.८७, म्हणजे १०५० वॅट! ऱ्हिओस्टॅटला काय माहीत तुम्ही घड्याळ केव्हा चालू केलंत? त्याची उष्णता तीच ६३५ राहायला हवी. पॉवर दोघांच्या कोनांमधल्या फरकावर अवलंबून असते, आणि गुणाकारात कोनांची बेरीज होते. म्हणून करंटचा कॉन्जुगेट घ्यायचा, म्हणजे त्याच्या ‘जे’चं चिन्ह उलटवायचं, मग बेरजेची वजाबाकी होते. ३० अधिक २३.१३, ५३.१३. आता वॅट ६३५, व्हीएआर + ८४६. इंडक्टिव्ह लोडचे व्हीएआर धन येतात ते याच संकेतामुळे. "फॉर्म्युल्यात वर चांदणी आहे म्हणून" कॉन्जुगेट घेऊ नका. घड्याळ सरकवून बघा, चांदणी का लागते ते कळतं.

त्याच ओघात आणखी एक. फेजर आणि इम्पीडन्स दोन्ही संमिश्र संख्या असल्या तरी जात वेगळी आहे. व्होल्टेज आणि करंट यांच्यामागे फिरणारी लाट आहे, इम्पीडन्सच्या मागे नाही. तो फक्त करंटला ताणतो आणि वळवतो. म्हणून "इम्पीडन्सचं पीक व्हॅल्यू" असलं काही नसतं.

कॅल्क्युलेटरबद्दल फार बोलत नाही. कॉम्प्लेक्स मोड शिकून घ्या. तिथे ‘जे’ऐवजी ‘आय’ असतो, आपण करंटला आय म्हणतो म्हणून आपला ‘जे’. अंश की रेडियन हे आधी तपासा. आणि टॅन इन्व्हर्सने हाताने कोन काढत असाल तर − ३ + जे ४ चा कोन कॅल्क्युलेटर −५३.१३ सांगेल, खरा आहे १२६.८७. भागाकारात चिन्हं हरवतात, म्हणून कागदावर एक टिंब काढून ते कुठल्या चतुर्थांशात आहे ते बघा.

थ्री फेजमध्ये तर ‘जे’शिवाय जीवच जातो. तीन फेज १२० अंशांवर, समान लोड असेल तर तिन्हींची बेरीज शून्य, म्हणून न्यूट्रल मोकळा. हे सगळ्यांना पाठ असतं. आता आर आणि वाय फेजवर प्रत्येकी १० अँपिअर हीटरचा लोड आहे आणि बी फेज रिकामा आहे. न्यूट्रलमध्ये किती? वीस म्हणणारे अनुभवी वायरमन मला भेटलेत, शून्य म्हणणारे इंजिनिअरही. हिशोब करा: १० अधिक (−५ − जे ८.६६) बरोबर ५ − जे ८.६६. लांबी १०. न्यूट्रलमध्ये दहाच अँपिअर.

आणि मग याच न्यूट्रलमध्ये, तिन्ही फेज अगदी समान असतानाही, टाँग टेस्टर भलताच आकडा दाखवतो. ऑफिसच्या इमारतींत, जिथे सगळा लोड कॉम्प्युटर आणि एलईडी ड्रायव्हरचा असतो, तिथे हे नेहमीचं. इथे आपली पद्धत तिच्या हद्दीबाहेर जाते. फेजर एका फ्रिक्वेन्सीपुरता असतो. तो घेतल्यावर आपण गृहीत धरलंय की सगळं ५० हर्ट्झचं आहे, सर्किट लिनिअर आहे आणि चालू करून बराच वेळ झालाय. इलेक्ट्रॉनिक लोड करंटचे तुकडे खेचतो, त्यात ५० च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे हार्मोनिक, असतात, जसा १५० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक. त्याच्यासाठी फेजमधला कोन १२० च्या तिप्पट, ३६०, म्हणजे शून्य. तीन फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये कटत नाहीत, सरळ मिळतात, एका फेजच्या तिप्पट. ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना क्षणभर उसळणारा इनरश करंटही फेजरला दिसत नाही, तिथे मूळ डिफरन्शिअल इक्वेशनकडेच जावं लागतं.

हार्मोनिकसाठी मात्र ‘जे’ टाकून द्यायचा नाही. प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा हिशोब वेगळा करायचा आणि दर वेळी ओमेगा बदलायचा. कारखान्यात याचा उपयोग कसा होतो ते बघा. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, सेकंडरी ४३३ व्होल्ट, इम्पीडन्स ५ टक्के. बसवर (पॅनलच्या मुख्य पट्टीवर) २०० केव्हीएआरची कपॅसिटर बँक. ५० हर्ट्झला ट्रान्सफॉर्मरचा रिॲक्टन्स + जे ०.०१८७५ ओहम, कपॅसिटरचा − जे ०.९४. कुठे पन्नास पटीचा फरक, काळजीचं कारण नाही. पण फ्रिक्वेन्सी वाढली की पहिला वाढतो आणि दुसरा कमी होतो. सातव्या हार्मोनिकला, ३५० हर्ट्झला, + जे ०.१३१ आणि − जे ०.१३४. जवळजवळ सारखे आणि उलट चिन्हाचे. पॅरलल रेझोनन्स. आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या सहा पल्सच्या व्हीएफडी ड्राइव्हमधून नेमके पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हेच हार्मोनिक बाहेर पडतात. ड्राइव्ह सातव्याचा थोडासा करंट सोडतो, तो ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्यामध्ये अनेक पटींनी वाढून फिरतो. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, आणि "माल खराब आला" म्हणून पुन्हा तेच कपॅसिटर मागवले जातात. एवढा हिशोब कपॅसिटर बसवण्यापूर्वी पाच मिनिटांत होतो: ट्रान्सफॉर्मरची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटमधले केव्हीए: ५०० भागिले ५ टक्के, इथे १०,००० केव्हीए) भागिले कपॅसिटरचे केव्हीएआर, त्याचं वर्गमूळ. उत्तर ५ किंवा ७ च्या आसपास आलं तर साधी बँक लावायची नाही.

मग काय लावायचं? प्रत्येक स्टेपला सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा रिॲक्टर. कपॅसिटर − जे १०० धरला तर रिॲक्टर + जे ७. दोघांचा रेझोनन्स १८९ हर्ट्झला येतो, पाचव्या हार्मोनिकच्या, म्हणजे २५० च्या, खाली. त्याच्या वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींना ही जोडी कॉइलसारखी दिसते, आणि दोन कॉइल आपापसांत रेझोनन्समध्ये जात नाहीत. फक्त एक गोष्ट विसरू नका. ५० हर्ट्झला जोडीचा रिॲक्टन्स − जे ९३ होतो, पण कपॅसिटर अजून − जे १०० च आहे. म्हणून त्याच्या टोकांवर बसच्या व्होल्टेजपेक्षा १०० भागिले ९३ पट जास्त येतं. ४३३ च्या बसवर हे ४६६ व्होल्ट होतात. तेव्हा रिॲक्टर बसवताना जुने ४४० व्होल्टचे कपॅसिटर तसेच ठेवू नका, ४८० किंवा ५२५ व्होल्टचे मागवा.